विश्रांतीनं न जाणारा थकवा आणि हृदयविकार: कामकरी वयातल्या पुरुषांनी काय तपासावं, कुठल्या क्रमानं

ठोका (धागाकर्ता)

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला आधीचे काही महिने कसे गेले हे नीट विचारलं, तर छातीतल्या दुखण्याच्याही आधी बऱ्याचदा थकव्याचा उल्लेख येतो. दिवसभर राबल्यावर येतो तो हा थकवा नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, क्षुल्लक गोष्टींवरून चिडचिड होते आणि आता आपल्याच्यानं काही होणार नाही अशी हताशा येते. या तिन्ही गोष्टी एकत्र असतात त्या अवस्थेला संशोधनात 'व्हायटल एक्झॉशन' म्हणतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचे मानसशास्त्रज्ञ आद आपेल्स यांनी १९८० च्या दशकात ती मोजण्यासाठी २१ प्रश्नांची प्रश्नावली केली. आपेल्स आणि मुल्डर यांनी १९८८ मध्ये रॉटरडॅममधल्या ३,८७७ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयं ३९ ते ६५, पाठपुरावा चार वर्षांहून थोडा जास्त. सुरुवातीलाच असा थकवा असणाऱ्यांत झटक्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त निघाला.

दुसरा अभ्यास सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कचा. १९९४ मध्ये २५ ते ६४ वयाचे, तोवर हृदयरोग नसलेले ६५७ पुरुष घेतले आणि १४ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. थकलेल्या गटात झटक्याचा धोका पहिल्या पाच वर्षांत २.७ पट, दहा वर्षांत २.२५ पट आणि चौदा वर्षांत २.१ पट. पण वय, शिक्षण, व्यवसाय आणि वैवाहिक स्थिती हिशेबात धरल्यावर वाढीव धोका १६ टक्क्यांवर आला. म्हणजे "थकवा = तिप्पट धोका" असे मथळे वाचून घाबरण्याचं कारण नाही. दुर्लक्ष करण्याचंही नाही.

या धाग्यावर एवढंच हवं आहे: असा थकवा असलेल्या माणसानं काय तपासावं, कुठल्या क्रमानं, आणि तपासणीत कुठे फसगत होते. जाणकारांनी आपापल्या विषयातलं नेमकं लिहावं.

अर्धविराम

चांगला विषय. पण मूळ शंका अशी की थकव्यामुळे हृदय बिघडतं, की आधीच बिघडलेल्या हृदयामुळे थकवा येतो? दुसरं खरं असेल तर "ताण कमी करा" हा सल्ला धोकादायक ठरतो. माणूस सुट्टी घेऊन घरी बसेल आणि धमनी अरुंद होतच राहील.

ठोका

अर्धविराम, शंका रास्त आहे आणि उत्तर "दोन्ही" असं आहे.

रॉटरडॅमच्या अभ्यासात पाठपुराव्याच्या पहिल्या वर्षात थकव्याचा आणि झटक्याचा संबंध सर्वात ठळक होता, पुढे तो विरत गेला. नोवोसिबिर्स्कचे आकडेही उतरत जातात. थकवा हे निव्वळ दीर्घकालीन कारण असतं तर असं दिसलं नसतं. म्हणजे काही जणांत थकवा हीच सुरू झालेल्या आजाराची पहिली खूण असते. हृदयाचे स्नायू ताठर झाले, रक्तपुरवठा कमी पडू लागला किंवा हृदयाची लय बिघडली, की छातीत न दुखताही दम कमी पडतो. मधुमेह असलेल्यांत तर दुखणं जाणवतच नाही असं पुष्कळदा होतं.

उलट दिशेचे मार्गही आहेत. झोप अपुरी किंवा तुटक असली की सिंपथेटिक मज्जासंस्था (शरीराला ताणासाठी सज्ज ठेवणारी) रात्रीही चढलेली राहते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो, तो अशा वेळी उतरत नाही. थकलेल्या पुरुषांच्या रक्तात गुठळी विरघळण्याच्या प्रक्रियेला अडवणारं पीएआय-१ हे प्रथिन जास्त आढळलं आहे. सूज दाखवणारे घटकही वाढलेले मिळतात. शिवाय थकलेला माणूस चालणं सोडतो, सिगारेट वाढवतो, गोळ्या विसरतो, हे वेगळंच.

केवळ थकवा कमी करून भागत नाही याचाही पुरावा आहे. 'एक्झिट' नावाच्या चाचणीत अँजिओप्लास्टी झालेल्या, थकलेल्या ७१० रुग्णांपैकी निम्म्यांना गटात बसवून विश्रांती आणि ताण हाताळणं शिकवलं. त्यांचा थकवा कमी झाला, पण हृदयाच्या नव्या घटना कमी झाल्या नाहीत. म्हणून माझं मत ठाम आहे. थकव्याला आधी लक्षण समजून तपासावं आणि त्याच वेळी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि तंबाखू यांच्यावर थेट काम करावं. ताणाचा विचार त्यांच्या जोडीनं व्हावा, त्यांच्याऐवजी नव्हे.

काचपट्टी

प्रयोगशाळेच्या बाजूनं लिहितो. थकव्यासाठी पहिल्या फेरीत पुरेशा होतात त्या तपासण्या: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार), यकृताची तपासणी, बी-१२, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) आणि साधी लघवीची तपासणी. शंभर घटकांची पॅकेजं घेऊ नयेत. एवढे आकडे मागवले की एखादा मर्यादेबाहेर निघतोच आणि त्याच्या मागे धावण्यात मुद्द्याचं राहून जातं.

आता फसगतीच्या जागा.

पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं आणि लोह कमी निघालं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबायचं नाही. प्रौढ पुरुषाचं लोह कमी होण्यामागे पोटातून किंवा आतड्यातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव असू शकतो आणि तो दुर्बिणीनं शोधावा लागतो. वेदनाशामक गोळ्या सतत घेणाऱ्यांत तर नक्कीच. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता जवळपास पक्की. मात्र अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर जातं, त्यामुळे "नॉर्मल" आकड्यावर विसंबू नये.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ घटतं. आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानंही घटतं.

थायरॉइड मंद असेल तर थकवा येतो आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) हेही वाढतं. अशा माणसाला टीएसएच न पाहता स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू केलं तर स्नायूदुखीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते आणि दोष औषधाला जातो. आधी थायरॉइड ताळ्यावर आणायचं, मग लिपिड पुन्हा मोजायचं.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बायोटिन. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ते मोठ्या मात्रेत असतं. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं आणि ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) खोटं कमी दिसू शकतं. ट्रोपोनिन खोटं कमी दिसणं म्हणजे झटका नजरेतून सुटणं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं. आणीबाणीत तेवढा वेळ नसतो, तेव्हा गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं, कारण ते बहुतांशी आनुवंशिक असतं. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकी सगळं बरं असूनही धोका वाढलेला धरतात. घरात कुणा पुरुषाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ही तपासणी चुकवू नये.

सांजवारा

टेस्टोस्टेरॉन राहिलं का? थकवा म्हटला की हल्ली तेच आधी सुचवतात.

काचपट्टी

मुद्दाम पहिल्या फेरीत घेतलं नाही. ते सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजावं लागतं. दुपारी घेतलेल्या एका नमुन्यावर इंजेक्शन सुरू करणं चूक. लठ्ठपणा, झोपेत श्वास अडणं आणि अपुरी झोप यांनीही ते कमी होतं, म्हणजे मूळ कारण दुसरंच असू शकतं. आणि उपचार घेताना हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवावा लागतो, कारण रक्त दाट होतं.

निशाचर

झोपेबद्दल. थकलेला, घोरणारा, पोट सुटलेला, रक्तदाब वाढलेला पुरुष समोर आला की झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे असं धरूनच तपास सुरू करावा. 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची चाळणी त्यासाठी चांगली: मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहणं, वाढलेला रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंमीपेक्षा जास्त आणि पुरुष असणं. तीन "हो" आले तर मध्यम शंका, पाच किंवा जास्त आले तर दाट शंका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसाला स्वतःला देता येत नाही. ते त्याच खोलीत झोपणाऱ्याला विचारावं.

मग स्लीप स्टडी. तासाला श्वास किती वेळा अडतो यावर प्रत ठरते: ५ ते १४ सौम्य, १५ ते २९ मध्यम, ३० पासून पुढे तीव्र. घरी करायच्या साध्या चाचणीत मेंदूलहरी नोंदत नाहीत, त्यामुळे जागेपणीचा वेळही भागाकारात धरला जातो आणि आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. लक्षणं स्पष्ट असतील आणि घरची चाचणी "नॉर्मल" आली, तर प्रयोगशाळेत रात्रभराची पूर्ण चाचणी करावी.

सीपॅप यंत्राबद्दल (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) खोटी आशा देऊ नये. २०१६ मध्ये 'सेव्ह' ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत यंत्रानं नव्या घटना कमी झाल्या नाहीत. मात्र त्यांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. दिवसाची झोपाळू अवस्था आणि मनःस्थिती सुधारली, हे त्याच चाचणीत दिसलं. म्हणजे थकव्यासाठी यंत्राचा उपयोग पक्का, हृदयासाठी बाकीचे उपचार सोडायचे नाहीत.

यंत्र बाजूला पडतं ते बहुतेक मास्कमुळे. सकाळी डोळे चुरचुरत असतील तर हवा वरून गळते आहे. पट्टे आवळण्याआधी मास्कच्या कडेच्या मऊ गादीचा आकार बदलावा. जास्त आवळल्यानं गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. तोंड कोरडं पडत असेल तर हवा तोंडातून निसटते, तिथे पूर्ण चेहऱ्याचा मास्क लागतो. नाक चोंदत असेल तर ह्युमिडिफायर वाढवावा. पहिला आठवडा दिवसा जागेपणी अर्धा तास लावून बसण्याचा सराव केला तर रात्री गुदमरल्यासारखं होत नाही.

दोनपाळ्या

रात्रपाळी करणाऱ्यांचं काय? त्यांना "रात्री सात तास झोपा" सांगण्यात अर्थ नाही.

निशाचर

बरोबर. पाळ्यांच्या कामाचा आणि झटक्याचा संबंध अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे २३ टक्के वाढीव धोक्याचा निघाला आहे. पाळी बदलणं हातात नसेल तर निदान एवढं करता येतं. पाळीच्या आधी दीड तासाची झोप घ्यावी. कॉफी किंवा चहा पाळीच्या पहिल्या भागातच संपवावा, कारण कॅफिनची निम्मी मात्रा शरीरातून जायला पाचेक तास लागतात. पाळी संपल्यावर घरी जाताना गडद चष्मा लावावा आणि झोपायची खोली पूर्ण अंधारी ठेवावी. सुट्टीच्या दिवशी झोपेचे निदान चार तास नेहमीच्याच वेळेत पडतील असं बघावं. वरचेवर उलटसुलट बदलणाऱ्या पाळ्यांपेक्षा सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या पाळ्या शरीराला कमी जड जातात. हे पाळ्या लावणाऱ्यानं वाचायला हवं.

कामाच्या तासांचंही इथेच लिहितो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. २०१६ या एका वर्षात लांब तासांशी जोडलेले सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू मोजले गेले, त्यातले ७२ टक्के पुरुष. हा प्रश्न एकट्या माणसाच्या शिस्तीवर ढकलून चालणार नाही.

पारा

घरी रक्तदाब मोजण्याची पद्धत देतो, कारण त्याशिवाय वरचं सगळं अधांतरी राहतं.

यंत्र दंडावर बांधायचं घ्यावं, मनगटाचं नको. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न चढवता पाच मिनिटं गप्प बसावं. दंड हृदयाच्या पातळीत टेबलावर टेकलेला. पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलणं नाही.

सकाळी गोळी घेण्याआधी दोन वेळा, रात्री दोन वेळा, मध्ये एकेक मिनिट. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. ती १३५/८५ किंवा जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला आहे. एखादाच मोठा आकडा पाहून गोळी वाढवू नये आणि एखादाच चांगला पाहून बंदही करू नये.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून बघावं आणि पुढे नेहमी जास्त आकडा येणाऱ्या हातावरच मोजावं. दोन हातांतला फरक कायम १५ पेक्षा जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवावं. रक्तवाहिनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

वेगमर्यादा

व्यायामावर लिहितो, कारण थकलेला माणूस सर्वात मोठी चूक इथे करतो. महिनोन्‌महिने बसून काढल्यावर एके दिवशी जिममध्ये जाऊन जीव तोडून घाम काढतो. १९९३ मधल्या एका मोठ्या अभ्यासात जोरकस श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एकूण सुमारे सहापट वाढलेला दिसला. मात्र आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत ती वाढ २.४ पट होती, आणि अजिबात न करणाऱ्यांत १०७ पट. हा धोका त्या एका तासापुरता असतो आणि एरवी तो इतका लहान असतो की शंभरपट होऊनही लहानच राहतो. पण सवय नसलेल्या शरीरावर एकदम भार टाकू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

सुरुवात रोज १० मिनिटं सपाट रस्त्यावर चालण्यानं. वेग असा की पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवावी. आठवड्याला १५० मिनिटं झाली की मग वेग. शेवटची पाच मिनिटं हळू चालून थांबावं, एकदम थांबू नये. ताप असताना किंवा ताप उतरल्यावर लगेच जोरकस व्यायाम नको. विषाणूसंसर्गानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यात श्रम घातक ठरतात.

एक अपवाद मोठ्या अक्षरात लिहायला हवा. श्रम केल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सगळी लक्षणं उफाळून येत असतील आणि दिवसचे दिवस टिकत असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस ऊर्फ क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये व्यायाम ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेणं घातक ठरतं, आणि ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०२१ मध्ये तो उपचार शिफारशींतून काढला. अशा माणसाला वरचं वेळापत्रक लागू नाही.

सांजवारा

प्रश्न असा. ईसीजी नॉर्मल, एको नॉर्मल, स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. मग हृदय निर्दोष धरायचं ना?

ठोका

धोका कमी झाला असं धरायचं, संपला असं नाही.

शांत पडून काढलेला ईसीजी त्या दहा सेकंदांचा असतो. धमनी ७० टक्के अरुंद असूनही तो स्वच्छ येऊ शकतो. एको (हृदयाची सोनोग्राफी) स्नायूंची हालचाल आणि झडपा दाखवतो, धमन्यांच्या आतला भाग नाही. पट्ट्यावर चालण्याची स्ट्रेस टेस्ट रक्तप्रवाह अडवण्याइतका मोठा अडथळा पकडते, आणि तोही प्रत्येक वेळी नाही. बरेचसे झटके धमनीत साचलेल्या चरबीच्या, प्रवाह न अडवणाऱ्या लहान थराला चीर पडून तिथे गुठळी झाल्यानं येतात. स्ट्रेस टेस्टमध्ये नाडी अपेक्षित कमाल वेगाच्या ८५ टक्क्यांपर्यंत गेली नसेल तर अहवाल अपुरा मानतात. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) घेऊन केलेल्या टेस्टमध्ये हेच होतं. लक्षणं संशयास्पद असतील तर सीटी कोरोनरी अँजिओग्राफी जास्त सांगते. लक्षणं नसताना धोका मोजायचा असेल तर कॅल्शियम स्कोअर (धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन). पण चाळिशीच्या आत तो शून्य आला तरी निर्धास्त होऊ नये, कारण कोवळ्या थरात कॅल्शियम अजून साचलेलं नसतं.

धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशा वाढवाव्या लागतात, अशा थकव्यात एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा रक्तातला घटक) तपासावं. १२५ च्या खाली असेल तर हृदय निकामी होत असण्याची शक्यता फार कमी. लठ्ठ माणसात हा आकडा मुळातच कमी येतो, ते लक्षात ठेवून वाचायचा.

बीटा ब्लॉकर, झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्यावरच्या गोळ्या यांनीही थकवा येतो. बीटा ब्लॉकर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये. छातीत कळ किंवा झटका येऊ शकतो. नैराश्याची चाळणी 'पीएचक्यू-९' या नऊ प्रश्नांनी होते, १० किंवा जास्त गुण आले तर पुढे जावं. रुग्ण "मन खचलंय" असं म्हणत नाही, "ताकद नाही" म्हणतो, म्हणून हे विचारावंच लागतं.

आणखी एक लक्षण, जे पुरुष सांगायला संकोचतात: लिंगाला ताठरता न येणं. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्यानं बिघाड आधी तिथे दिसतो, बहुधा दोन ते पाच वर्षं आधी. थकवा आणि हे दोन्ही असेल तर हृदयाच्या तपासण्या पुढे ढकलू नयेत.

अर्धविराम

तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय कधी गाठायचं, तेही लिहा.

ठोका

छातीत दडपण, जबडा-खांदा-हातात पसरणारी कळ, दरदरून घाम, धाप किंवा मळमळ यांतलं काही पाचेक मिनिटांत ओसरलं नाही, तर थांबू नका. अचानक आलेल्या, कारण नसलेल्या अशक्तपणाबरोबर घाम आणि धाप असेल तर छातीत दुखत नसलं तरी हाच नियम. चक्कर येऊन शुद्ध हरपली तरीही हाच.

आधी रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवू नका. ॲलर्जी, चालू रक्तस्राव किंवा पक्षाघाताची शंका नसेल तर ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅम साधी ॲस्पिरिन चावून घ्या. आवरणाची गोळी असली तरी चावूनच, कारण अख्खी गिळली तर असर व्हायला वेळ लागतो. ती हाताशी नसेल तर शोधण्यात वेळ घालवू नका. पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, तो मागून घ्या. पहिला नॉर्मल आला आणि त्रास चालूच असला तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. ट्रोपोनिनही एकदाच करून पुरत नाही. त्रास सुरू होऊन तीन तासही झाले नसतील तर पहिला नमुना फसवू शकतो, ठरलेल्या अंतरानं दुसरा घ्यावाच लागतो.

आणि जिभेखाली नायट्रेटची गोळी घेण्याआधी सांगा की ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टॅडालाफिल ४८ तासांत घेतलं आहे का. घेतलं असेल तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. सोबतच्या माणसालाही हे माहीत हवं, कारण त्या क्षणी रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.